साथ पुन्हा आली तर सीमाभागाची तयारी कशात बघायची?

निपाणीहून एका शिक्षकांनी विचारलंय की वर्षा-दोन वर्षांनी कुठल्या तरी नव्या विषाणूची बातमी येते, सरकार म्हणतं घाबरू नका सगळी तयारी आहे, तर मॅडम तुम्ही एवढी वर्षं सरकारी दवाखान्यात काढलीत, खरं सांगा, आपल्या सीमाभागात तयारी आहे का, आणि आम्ही नेमकी कशाची काळजी करायची?

मी अठ्ठावीस वर्षं बेळगाव आणि खानापूर तालुक्यात पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, मेडिकल ऑफिसर होते, २०२३ ला रिटायर झाले. २००९ चा स्वाइन फ्लू बघितला, कोरोना तर पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत बघितला. म्हणून सरळच सांगते. बेड, ऑक्सिजन, लॅब ह्यात आपण २०२० पेक्षा खूप पुढं आलोय. पण सीमेवरच्या माणसाला त्या दोन वर्षांत जे सगळ्यात जास्त नडलं ते बेडच्या आधीचं होतं, म्हणजे बंद केलेला रस्ता, न कळणारी सूचना आणि पलीकडच्या राज्याचा कागद इकडं न चालणं, आणि ह्याची तयारी मला तरी अजून कुठं दिसलेली नाही.

आधी आठवून बघा कसं सुरू झालं ते. देशातला कोरोनाचा पहिला मृत्यू आपल्याच कर्नाटकात, कलबुर्गीत, १० मार्च २०२० ला झाला. त्याच महिन्याच्या शेवटी सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरमध्ये एकाच कुटुंबातून पंचवीसच्या आसपास लोक पॉझिटिव्ह निघाले, निपाणीपासून हायवेनं दीड तासावर. एप्रिलमध्ये आपल्या जिल्ह्यात हिरेबागेवाडी आणि कुडची. तेव्हा सुरवातीला आपल्या जिल्ह्यात तपासणीच होत नव्हती, स्वॅब जिल्ह्याबाहेर जायचे आणि रिपोर्ट यायला दिवस जायचे, तोवर संशयित माणूस, त्याची बायको, म्हातारे आईवडील सगळे टांगलेले. एप्रिलमध्ये बेळगावच्या आयसीएमआरच्या संस्थेत तपासणी सुरू झाली आणि आमच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक पडला. आता ती सोय आहे, पुढच्या वेळी पहिला महिना असा वाया जाणार नाही, हे मोठं आहे.

आता रस्त्याचं सांगते. मे २०२० मध्ये मुंबई-पुण्याची माणसं गावी यायला लागली, सेवा सिंधू पोर्टलवर पास काढा म्हणाले, मग १८ मे ला सरकारनं महाराष्ट्रातून येणाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत बंदीच घातली. हायवेला कोगनोळीचा नाका, महाराष्ट्रातल्या चंदगडकडनं शिनोळी-बाची, गोव्याकडनं चोर्ला घाटातनं कणकुंबी. मोठ्या रस्त्यांवर पोलीस आणि आतल्या गावरस्त्यांवर जेसीबीनं मातीचे ढिगारे टाकलेले.

त्याच दिवसांत एकदा सकाळी सहाला आमच्या आशाताईचा, म्हणजे गावात घरोघर फिरणाऱ्या आशा कार्यकर्तीचा, फोन आला, बाई, चंदगडकडची एक पोरगी आलीय, नववा महिना भरलाय, कळा सुरू आहेत. माहेर उचगावकडचं, सासर सीमेच्या पलीकडं चार-पाच किलोमीटरवर. नवऱ्यानं बाईकवर ढिगाऱ्यापर्यंत आणून सोडलेली, तिथनं आईचा हात धरून ती तो मातीचा ढिगारा चढून उतरून अलीकडं आली, पायातली चप्पल पलीकडंच राहिली होती, आणि छातीशी एक प्लास्टिकची पिशवी घट्ट धरलेली, त्यात तिचं महाराष्ट्राचं माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट. रिक्षा करून एका सरकारी दवाखान्यात पाठवली तर तिथं रजिस्ट्रेशनला अडलं, कारण आपल्याकडं तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकातलं गरोदर बाईचं कार्ड, लागतं आणि तिच्याकडं दुसऱ्या राज्याचं कार्ड. वर कोविड टेस्टचा रिपोर्ट कुठाय म्हणून प्रश्न. पाऊण तास ती बाहेरच्या बाकावर बसून होती. मी तिघांना फोन केले तेव्हा आत घेतली. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, पण ती माझ्या फोनवर राहिली, सरकारच्या तयारीवर नाही, आणि ज्या बाईकडं कुणा डॉक्टरचा नंबर नव्हता तिचं काय झालं असेल हा विचार मला अजून रात्रीचा येतो.

चंदगड तालुक्यातल्या माणसाला मोठा दवाखाना म्हणजे बेळगावच, कोल्हापूर लांब पडतं. उलट अथणी-कागवाडची माणसं मिरजेला जातात, त्यांच्या तीन पिढ्या मिरजेच्या दवाखान्यात गेल्यात. निपाणीची पोरं रोज कागलच्या एमआयडीसीत कामाला, खानापूरची माणसं गोव्यात. जिल्ह्याचा प्लॅन करताना साहेब लोक जिल्ह्याचा नकाशा काढून बसतात, त्यात हे काहीच दिसत नाही, कारण नकाशा सीमेला संपतो आणि आपली माणसं तिथं संपत नाहीत.

फेब्रुवारी २०२१ मध्ये परत महाराष्ट्रातून येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह रिपोर्ट पाहिजे म्हणून सांगितलं. ऑगस्ट २०२१ मध्ये तर दोन डोस घेतलेल्यालासुद्धा रिपोर्ट लागायचा. आता रोज कागलला जाऊन येणाऱ्यानं करायचं काय, दर तीन दिवसांनी नाकात काडी घालून घ्यायची? लोक मग उसाच्या रानातनं, पाणंदीनं यायला लागले, आणि आमच्या दृष्टीनं हे सगळ्यात वाईट, कारण नाक्यावरनं आलेल्याची निदान नोंद तरी होते, रानातनं आलेला माणूस यादीतच नाही, त्याला उद्या ताप आला तर तो सांगणारही नाही कुठनं आला ते.

म्हणजे नाका नकोच असं मी म्हणत नाही. नवा विषाणू देशात अगदी पहिल्यांदा शिरताना नाक्यानं, एअरपोर्टवरच्या तपासणीनं थोडे दिवस मिळतात, आणि त्या दिवसांत दवाखाना सज्ज केला तर ते दिवस कामी येतात. पण कोरोनासारख्या आजारात लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला दोन ते चौदा दिवस लागतात, बऱ्याच जणांत पाच दिवसांच्या आसपास, आणि लक्षणं दिसायच्या आधी एक-दोन दिवस माणूस दुसऱ्याला देत असतो. कपाळाला लावायची ती थर्मल गन फक्त त्या मिनिटाचा ताप बघते. सकाळी पॅरासिटामॉल घेऊन आलेला माणूस तिला निरोगीच दिसणार. एकदा साथ दोन्ही बाजूंच्या गावात पसरली की मग नाक्यावर उभी केलेली माणसं गावात घरोघर फिरवलेली कधीही बरी, हे माझं अनुभवाचं मत आहे.

आणि विषाणू सीमा ओलांडतो हे आपल्याला कोरोनाच्या आधीच कळायला पाहिजे होतं. माकडताप, म्हणजे केएफडी, १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडला, गोचिडीतनं माणसाला होतो. २०१५ मध्ये तो गोव्यात सत्तरीत निघाला, २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गला, आणि आपले खानापूरकडचे मजूर काजूच्या हंगामाला गोव्यात गेलेले, तेही तापानं फणफणून परत आले. लागण गोव्यात, ताप खानापुरात आणि रक्ताचं निदान पुण्याच्या एनआयव्ही ह्या विषाणू संस्थेत. असा पेशंट आपल्यासमोर बसला की डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारायचा तो "कामाला कुठं गेला होतास". आणि उत्तर गोवा आलं तर त्याच दिवशी गोव्याच्या आरोग्य खात्याला कळायला पाहिजे. कागदावर सोय आहे, आयडीएसपी म्हणून रोगनिरीक्षणाचा कार्यक्रम २००४ पासून आहे, आता तो ऑनलाइन पोर्टलवर चालतो. पण माझी माहिती माझ्या तालुक्याला, तिथनं जिल्ह्याला, तिथनं बेंगळूरला. चंदगडच्या डॉक्टरला शेजारच्या गावात ताप वाढलाय हे कळायचं ते चहाच्या टपरीवर. मी आणि पलीकडचे एक डॉक्टर, आम्ही दोघांनी आपापसात रोज रात्री फोन करायचं ठरवलं होतं, तुमच्याकडं किती, आमच्याकडं किती, कुठल्या घरातलं लग्न, कुठली मयत. तेवढ्या एका फोननं दोन वेळा आम्हाला चार-पाच दिवस आधी कळलं की कुठली गल्ली पेटणार आहे. हा फोन दोन जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांमध्ये ऑर्डर काढून व्हायला पाहिजे, बेळगाव-कोल्हापूर, बेळगाव-सांगली, खानापूर-गोवा. खर्च शून्य आहे त्याला.

भाषेचं बोलते. हे राजकारण म्हणून घेऊ नका, कन्नड माझी नोकरीची भाषा होती आणि माझ्या स्टाफमधल्या कन्नड मुलींनी मराठी गावात जीव तोडून काम केलंय. पण साथीत सूचना माणसाला कळली नाही तर ती सूचनाच नाही. होम क्वारंटाइनचं पत्रक आलं ते पूर्ण कन्नडमध्ये, आणि ज्या घराच्या दाराला चिकटवलं त्या घरातली म्हातारी मला विचारतेय, "बाई, ह्यात काय लिवलंय, आमाला न्यायला येनार काय?" तिला वाटलं जप्तीची नोटीस. शेवटी आमच्या आशाताईनं वहीचं पान फाडून मराठीत सात ओळी लिहिल्या, खोली वेगळी, ताट वेगळं, दम लागला तर फोन, माझा नंबर, आणि त्या पानाच्या झेरॉक्स तीन गावांत वाटल्या. खिशातले पैसे घालून. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्याही भाषेत द्यायच्या हे धोरण जुनंच आहे, ते निदान आरोग्याच्या सूचनांना तरी पाळलं जावं, आणि हे साथ आल्यावर करायचं काम नाही, पत्रकं आजच दोन्ही भाषांत तयार करून ठेवता येतात, फक्त आजाराचं नाव घालायचं बाकी ठेवायचं.

कारण माहिती नाही मिळाली की माणूस अफवेवर जगतो. मुद्दाम पॉझिटिव्ह दाखवतात, किडनी काढतात, एका पेशंटमागं इतके पैसे मिळतात, हे मला शिकलेल्या लोकांनी विचारलंय. जुलै २०२० मध्ये बेळगावात मृताच्या नातेवाइकांनी दवाखान्याच्या दारात ॲम्ब्युलन्स पेटवली, ते चूकच होतं, त्यात दुमत नाही. पण त्या काळात आत गेलेल्या माणसाची खबर बाहेर बसलेल्याला चार-चार दिवस मिळायची नाही, आणि मग एकदम बॉडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून. एका कोविड केंद्रावर माझी ड्युटी होती तिथं आम्ही एक नियम केला, रोज संध्याकाळी पाच वाजता प्रत्येक पेशंटच्या घरी एक फोन, त्यांच्या भाषेत, दोन मिनिटं. जेवला का, ऑक्सिजन किती लिटरवर आहे, कालच्यापेक्षा बरं की वाईट. वाईट असलं तरी सांगायचं. त्या केंद्रावर एकदाही भांडण झालं नाही. माझ्या मते तयारीच्या यादीत व्हेंटिलेटरच्या शेजारी हा फोन लिहिलेला असला पाहिजे.

ऑक्सिजनबद्दल सगळेच विचारतात. मे २०२१ मध्ये चामराजनगरला ऑक्सिजन कमी पडून एका रात्रीत जे झालं, २४ माणसं गेली, त्यानंतर ठिकठिकाणी हवेतनं ऑक्सिजन काढणारे प्लांट बसले, कॉन्सन्ट्रेटर वाटले गेले. छान झालं. पण तुम्ही नागरिक म्हणून हिशोब करायला शिका. मोठा जंबो सिलिंडर म्हणजे साधारण ७,००० लिटर, मिनिटाला १० लिटर लागणाऱ्या पेशंटला तो साडेअकरा तास पुरतो. म्हणजे असे दहा पेशंट असले तर दिवसाला वीसच्या वर सिलिंडर, आणि भरून आणायला गाडी, ड्रायव्हर, डिझेल. कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो, जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात लाईट किती वेळ असते ते तिथल्या माणसाला विचारा. तेव्हा अमुक मशीन आलं म्हणून फोटो छापून आला की तुम्ही एवढंच विचारायचं, जनरेटर आहे का, चालवणारा माणूस आहे का आणि शेवटचं सुरू कधी केलं होतं. मशीन सहा महिने बंद पडून राहिलं की ऐनवेळी दगा देतं.

आणि आशाताई. साधारण हजार लोकसंख्येला एक आशा धरलेली असते, आमच्या डोंगराकडच्या गावांत ती हजार माणसं सहा-सात वाड्यांत विखुरलेली. जुलै २०२० मध्ये राज्यभरातल्या आशा १२,००० रुपये मानधनासाठी संपावर गेल्या होत्या, ऐन साथीत, तेव्हा लोकांनी नावं ठेवली. मी त्यांच्या बाजूची होते आणि आजही आहे. एका साध्या मास्कवर घरोघर फिरून शिव्या खाणाऱ्या बाईला महिन्याला काय हातात पडतं ते ज्यानं बघितलंय तो नावं ठेवणार नाही. तुमच्या गावात आशाची जागा रिकामी असेल तर तुमच्या गावाची तयारी नाही, मग जिल्ह्यात कितीही बेड असोत.

लसीच्या बाबतीत मात्र आपल्या बेळगावचं नाव घ्यायला पाहिजे. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत पूर्वी देवीची लस तयार व्हायची, आणि जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून सीरमची कोविशील्ड ह्याच डेपोत आली, ह्याच पुणे-बेंगळूर हायवेनं. १६ जानेवारीला मोहीम सुरू झाली. २ ते ८ डिग्रीत लस शेवटच्या गावापर्यंत न्यायची यंत्रणा आपल्याकडं पोलिओपासून मुरलेली आहे, त्याबद्दल मला काडीची काळजी नाही.

दवाखान्याच्या कार्डाचं मात्र भिजत घोंगडं आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, कर्नाटक सरकारनं हरकत घेतली. सीमेचा वाद कोर्टात काय व्हायचा तो होवो. पण साथीच्या काळापुरतं तरी दोन्ही राज्यांनी ठरवावं की बाळंतीण, डायलिसिस, कॅन्सर, हार्ट आणि धाप लागलेला पेशंट नाक्यावर थांबवायचा नाही, कार्ड कुठलंही असो आधी दाखल करायचा, आणि रोज कामाला जाणाऱ्याला कंपनीच्या ओळखपत्रावर महिन्याचा पास द्यायचा. एवढं एक पानाचं पत्र आज शांततेत सही होऊ शकतं. साथ आल्यावर दोन्हीकडं दबाव असतो, तेव्हा कुणी सही करत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, काळजी कशाची करायची. जानेवारी २०२५ मध्ये बेंगळूरला एचएमपीव्हीचे दोन पेशंट सापडल्याची बातमी आली आणि माझा फोन दिवसभर वाजत होता. तो विषाणू २००१ मध्येच ओळखला गेलेला, दर हिवाळ्यात पोरांना होणारा सर्दी-खोकला. म्हणून पुढच्या वेळी बातमी आली की आधी बघा, विषाणू खरंच नवा आहे का, की जुनाच नव्यानं तपासला गेलाय. मग बघा, लक्षणं नसलेल्या माणसाकडनं पसरतो का, कारण तसा असेल तर तो लांब जाणार. आणि धडधाकट माणसं दवाखान्यात भरती व्हायला लागलीत का. तिन्हीचं उत्तर हो आलं तरच कपाळाला आठ्या घाला. आणि टीव्ही आकडे दाखवतो तेव्हा आजच्या एका आकड्यापेक्षा तो किती दिवसांत दुप्पट होतोय ते बघा.

घरात एक पल्स ऑक्सिमीटर असू द्या आणि तो लावायचा कसा ते आजच शिका. बोट गरम पाहिजे, नखाला पॉलिश-मेंदी नको, हात टेबलावर स्थिर, मिनिटभर थांबून मग आकडा घ्यायचा. मग खोलीत सहा मिनिटं चालायचं आणि परत लावायचा. बसून ९४ च्या खाली किंवा चालल्यावर चार आकड्यांनी उतरला तर वाट बघत बसू नका. कोरोनात हाच दगा झाला, माणूस बोलतोय, चहा पितोय आणि ऑक्सिजन ८२. सुळग्याचे एक काका माझ्यासमोर खुर्चीत बसून पीक कसं आलंय ते सांगत होते, बोटाला मशीन लावलं तर ७९. मला वाटलं मशीन बिघडलंय, दुसरं लावलं, तिसऱ्यांदा माझ्याच बोटाला लावून बघितलं. काका वाचले, पण अर्धा तास उशीर झाला असता तर नसते वाचले. शुगर-बीपीच्या गोळ्या महिनाभराच्या जादा ठेवा, लॉकडाऊनमध्ये कोरोनापेक्षा गोळी चुकल्यानं गेलेली माणसं मी बघितलीत.

शेवटचं मॉक ड्रिल मी नोकरीत असताना केलं ते २७ डिसेंबर २०२२ चं, देशभर एकाच दिवशी होतं. पथक आलं, सिलिंडर मोजले, किट मोजले, बेड मोजले, फोटो घेतले, तासाभरात गेलं. आमच्या आशाताईकडं त्या वेळी एक दोनशे पानी वही होती, अजून आहे. त्यात तिच्या वाट्याच्या प्रत्येक घरापुढं लिहिलेलं, कोण मुंबईला, कोण पुण्याला, कोण गोव्यात काजूला, कधी येतात, घरात म्हातारं कोण, गरोदर कोण, दमा कुणाला, कन्नड वाचता कुणाला येतं, रात्री गाडी कुणाची मिळेल. कोरोनात आमचं निम्मं काम त्या वहीवर झालं. ड्रिलच्या दिवशी ती वही काखेत घेऊन दारात उभी होती, तिला कुणी काही विचारलं नाही. तुम्ही शिक्षक आहात, निपाणीत तुमच्या शाळेत वीस गावांची पोरं येत असतील, तर गावागावातल्या आशाताईंना भेटून अशी वही आहे का बघा, नसेल तर पोरांकडनं त्यांना भरून द्या, आणि एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवायला लावा.